बंदूक न उतरवता दुरुस्त करण्याबाबत

विषय : छर्ऱ्याची जुनी स्प्रिंगची बंदूक न उतरवता दुरुस्त करून मिळण्याबाबत.
अर्जदार : आनंदराव खोब्रागडे, राहणार कोराडी.
संदर्भ : अर्जदाराने समक्ष येऊन केलेली तोंडी विनंती.

१

उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की मी बंदुकीचा कारागीर नाही. एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो. या सातत्याबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला. निवृत्तीनंतर माणसाने देवाधर्माकडे वळावे असा संकेत आहे. मी छर्ऱ्याच्या बंदुकांकडे वळलो, कारण त्या उघडल्या की आत काय आहे ते दिसते.

सक्करदऱ्याला तलावापासून जवळच आमचे घर. मागच्या व्हरांड्यात एक टेबल, त्यावर वस्तू आवळून धरणारा वाईस, स्प्रिंग दाबून धरायचा एक लाकडी सांगाडा आणि तेलाच्या बाटल्या. येणारी माणसे दोन प्रकारची. जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावणारे, आणि काटोलकडचे संत्र्याच्या बागांचे मालक, ज्यांना माकडे हाकलायची असतात. फुगेवाल्यांची बंदूक मुद्दाम वाकडी मारते, बागवाल्यांची नाइलाजाने. दोघांनाही मी ती फक्त चालती करून देतो. सरळ करणे माझ्या अधिकारात येत नाही.

ज्यांनी अशी बंदूक उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. हिच्यात दारू नसते. आत एक जाड स्प्रिंग, स्प्रिंगच्या पुढे दट्ट्या, दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वायसर. नळी मधोमध मोडून खाली ओढली की स्प्रिंग दबते, दट्ट्या मागे सरकून खटक्यात अडकतो आणि त्याच्यापुढच्या पोकळीत हवा येते. याला बंदूक चढवणे म्हणतात. चाप ओढला की खटका सुटतो, दट्ट्या पुढे धावतो आणि ती हवा छर्ऱ्याला घेऊन बाहेर पडते. बंदूक उतरली. म्हणजे ती एकदा हवा घेते आणि एकदा सोडते. त्यापलीकडे तिला काही येत नाही. बऱ्याच माणसांनाही येत नाही.

माझ्या व्हरांड्यात दोन नियम आहेत. छर्रा घातल्याशिवाय बंदूक उडवायची नाही, कारण समोर अडवणूक नसली की दट्ट्या जाऊन आपटतो आणि फुटतो. आणि बंदूक चढवून ठेवायची नाही, कारण दबून राहिलेली स्प्रिंग थकते. हे मला कोणी पटवून देण्याची गरज पडली नाही.

२

आनंदराव कोराडीच्या बसने आले. वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले, दर चार शब्दांनंतर खोकणारे गृहस्थ. बंदूक त्यांनी गोधडीत गुंडाळून आणली होती.

"कंडक्टर म्हणे, काका, भजनी मंडळवाले का तुम्ही? मी म्हटलं हाव. त्यानं पुढची सीट देल्ली."

गोधडी सोडली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळातली परदेशी बंदूक होती. छाप घासून गेलेला, अक्रोडाचा दस्ता हाताच्या घामाने काळा पडलेला. अशी वस्तू हातात आली की मी आधी नळी मोडून पाहतो. स्प्रिंग चांगली असेल तर नळी अडते, जोर लावावा लागतो. ही नळी हात लावताच लुळी पडल्यासारखी खाली आली.

याचा अर्थ एकच असतो.

"चढलेली आहे ही," मी म्हणालो.

"हाव. चढलेलीच राहू द्या."

"काहून?"

आनंदराव टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. चंद्रकलेने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पाणी आणून दिले. ते त्यांनी घोट घोट घेत संपवले, आणि मग सांगितले.

त्यांची पत्नी सरिता दम्याने बरीच वर्षे आजारी होती. शेवटच्या दिवसांत तिचा श्वास सगळ्या घरात ऐकू यायचा. एका दुपारी तिचा डोळा लागला आणि नेमकी टिनावर माकडे नाचू लागली. आनंदरावांनी तिच्या खाटेपाशी उभे राहूनच बंदूक चढवली, दारापर्यंत गेले, आणि थांबले. घरात आवाज नव्हता.

"माकडं होती जी. थे नाचूनच राह्यली होती. पण घरात आवाज नोहता." त्यांनी बंदुकीकडे पाहिले. "मी चाप ओढलाच नाई. कसा ओढणार? मी चढवली अन् तिचा श्वास बंद झाला. मंग थो गेला कुठं?"

मी गोधडीची घडी केली.

"आत्मा-बित्मा आमी मानत नाई, रुपरावजी. छप्पन साली आमच्या बापानं दीक्षा घेतली अन् घरातला थो विषय बंद केला. पण हवा तर मानावं लागते ना? हवा तर सायन्स आहे."

"मग माझ्याकडून काय पाहिजे?"

"वायसर वाळला. घरघर करून राह्यला. असाच राह्यला तर गळून जाईन सारं. तुमी तेल द्या. फक्त उतरवू नका."

मी त्यांना सांगणार होतो की चढवलेल्या बंदुकीत दाब नसतो. ताण असतो तो स्प्रिंगमध्ये. पुढच्या पोकळीत तुमच्या-आमच्या खोलीत असते तशीच हवा असते, आणि खोलीत जी असते ती खोलीत गळू शकत नाही. पण अर्ज घेऊन ठेवायला काही लागत नाही, नाकारायला कारण द्यावे लागते, आणि माझे कारण त्या माणसाच्या तोंडावर म्हणण्यासारखे नव्हते. मी बंदूक ठेवून घेतली.

३

चामड्याला तेल द्यायची रीत सोपी आहे. नळी मोडायची, बंदूक उभी धरायची आणि हवेच्या बारीक भोकातून थेंब थेंब सोडायचे. साधे मशीनचे तेल चालत नाही. दाब आला की ते आतल्या आत पेटते. चामड्यासाठीचे वेगळे तेल मी ठेवतो. वायसर ते पितो, फुगतो आणि नळकांड्याला पुन्हा घट्ट बसतो.

पंखा बंद केला, म्हणजे थेंब उडणार नाहीत. तेव्हा घरघर ऐकू आली.

ती फार बारीक होती. शेजारच्या घरात कोणी आजारी झोपले असावे तशी. मी कान भोकापाशी नेला. आवाज तिथून येत होता. थोडा वेळ आत, थोडा वेळ बाहेर. बाहेर येताना कानाला गार लागत नव्हते. ऊब लागत होती.

टिनाचे छप्पर तापते, नळकांडे तापते, हवा फुगते. थंड झाली की आकसते. ही नोंद मी मनातल्या मनात केली आणि तिच्यावर मनातल्या मनात सही केली. छप्पर इतक्या लवकर कसे तापते आणि निवते, हा प्रश्न विचारणारा वरिष्ठ तिथे कोणी नव्हता.

तेल घातले. काही वेळाने घरघर कमी झाली आणि मग नुसती ये-जा उरली, गुळगुळीत.

संध्याकाळी आनंदरावांचा फोन आला.

"तेल देल्लं का जी?"

"दिलं."

"मले वाटलंच. आज छाती एकदम मोकळी वाटून राह्यली. दुपारपासून खोकला नाई." ते हसले. "पण तोंडाले तेलाची चव येऊन राह्यली राजेहो. सकाळी समोसे खाल्ले, त्याचं असन."

"त्याचंच असेल," मी म्हणालो.

समोसा ही कोणत्याही शंकेला पुरेल अशी वस्तू आहे.

४

चंद्रकलेला दुपारी आडवे व्हायची सवय आहे. दोन दिवसांनी ती उठून बाहेर आली.

"मांगं कोण झोपलं जी?"

"कोणी नाही."

"मंग घोरून कोण राह्यलं?"

मी बंदुकीकडे बोट केले आणि आनंदरावांची हकीकत सांगितली. मला वाटले ती एक तर घाबरेल किंवा मला वेड्यात काढेल. यातल्या दुसऱ्या गोष्टीची सवय मला होती. तिने दोन्ही केले नाही. आत जाऊन माझी निवृत्तीची शाल आणली आणि बंदुकीवर पांघरली.

"त्या शालीवर ग्रीस लागेल."

"लागू द्या. तुमाले तरी कुठं पांघराची आहे? लोकाचं माणूस घरात आलं, अन् तुमी त्याले उघड्यावर ठेवलं."

"माणूस नाही. बंदूक आहे. आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे असेल तर बाई आहे."

चंद्रकला खाली वाकली. पदर सावरून, लहान मूल झोपले की नाही हे पाहतात तशी, तिने थोडा वेळ कान दिला. मग ताठ झाली.

"बाई नोहे."

"तुला काय माहीत?"

"जलमभर तुमच्या बाजूले झोपली मी. माणसाचं घोरनं मले सांगू नका." आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, "मातारा आहे कोनी तरी. थकेल आहे बिचारा."

मी हसलो. मग टेबलाजवळ येऊन ऐकले, आणि हसणे तेवढ्यावर ठेवले.

५

शंका आली की कारकून दुसऱ्याला पत्र लिहितो. इथे लिहायला कोणी नव्हते, म्हणून मी स्क्रू काढले.

दस्ता वेगळा केला की नळकांड्याच्या खालच्या खाचेतून खटका दिसतो. पोलादाचा एक लहानसा दात. दट्ट्याच्या खाचेत तो अडकलेला असतो आणि सगळी स्प्रिंग त्या एका दातावर थोपलेली असते. मी टॉर्च लावला.

दात झिजून नखाच्या कडेसारखा झाला होता.

याचे मला आश्चर्य वाटले नाही. जुना माल झिजतो. मला खुर्ची ओढून बसावे लागले ते दुसऱ्या कारणाने. दट्ट्या हलत होता. चढवलेल्या बंदुकीतला दट्ट्या हलत नसतो, हलायला त्याला जागाच नसते. हा केसभर मागे जाई, थांबे, केसभर पुढे येई, आणि प्रत्येक वेळी पुढे येताना तो त्या दातावर घासे. मी हातातला टॉर्च टेबलावर टेकवला, हात थरथरतो आहे की काय म्हणून. दट्ट्या तरीही हलत होता.

परिस्थिती पुढीलप्रमाणे होती. खटका बदलायचा तर आधी बंदूक उतरवावी लागणार. ताण असताना तो निघत नाही. बदलला नाही तर तो एक दिवस आपोआप सुटणार आणि बंदूक आपली आपण उतरणार. अर्जदाराचे म्हणणे होते, उतरवू नका आणि दुरुस्त करा. नोकरीत असे परस्परविरोधी अर्ज मी ढिगाने पाहिले होते, पण त्यांतला एकही श्वास घेत नव्हता.

हवा खरोखर ये-जा करते की मला भास होतो, एवढे तरी ठरवावे म्हणून मी फुगेवाले विसरून गेलेल्या पुडक्यातून एक लाल फुगा काढला, नळीच्या तोंडावर चढवला आणि दोऱ्याने बांधला. तो लुळा लोंबकळला. मग लिंबाएवढा झाला. मग पुन्हा लुळा. पुन्हा लिंबाएवढा.

मी त्याच्यावर शाल टाकली.

६

आनंदरावांना खटक्याचे सांगणे भाग होते. सकाळीच फोन लावला. चंद्रकला आत मिरच्या भाजत होती. शाल बाजूला सारून मी टेबलाशी बसलो, म्हणजे बोलताना खटका डोळ्यांसमोर राहील.

"कसं आहे जी?" त्यांनी विचारले. "बरी आहे ना थे?"

"आहे. पण खटका झिजला आहे आनंदराव. फार दिवस धरणार नाही."

"मंग बदलवा."

"बदलायचा तर उतरवावी लागते."

पलीकडे शांतता. फुगा तेवढा वेळ फुगलेलाच राहिला. मग हळू खाली आला, आणि त्याच्या मागोमाग फोनवर लांब सुस्कारा ऐकू आला.

हा योगायोग आहे असे मी ठरवले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मिरच्यांचा ठसका आला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. चंद्रकला आत खोकली. आणि फुगा एकदम आत ओढला गेला, नळीच्या तोंडाला चिकटून बसला, क्षणभर तसाच राहिला, आणि धाडकन फुगला.

मग फोनवर आनंदराव शिंकले.

आधी फुगा, नंतर फोन. आवाजाला कोराडीहून सक्करदऱ्यापर्यंत यायला जेवढा उशीर लागतो तेवढ्या उशिराने. फुगा पुन्हा आकसला, पुन्हा फुटायला आला. फोनवर दुसरी शिंक.

"पाहा बरं," आनंदराव नाक ओढत म्हणाले. "घरात ना झाडझुड, ना फोडणी. कायच्या शिंका येऊन राह्यल्या काय मालूम!"

मी फोन ठेवला. आत जाऊन चंद्रकलेच्या हातातला तवा काढून घेतला आणि पुढच्या अंगणात नेऊन ठेवला. तिने काहून म्हणून विचारले. मी म्हणालो, धूर होतो. ती म्हणाली, मिरच्यांचा धूर होतेच जी. तिचे बरोबर होते.

त्या दिवसापासून मी खटक्याकडे पाहण्याचे काम अंगावर घेतले. पाहून तो झिजायचा थांबत नाही हे मला कळत होते. ऑफिसातही देखरेखीचा अर्थ एवढाच असे.

७

आनंदराव पुन्हा आले तेव्हा दुपार होती. गोधडी आणली नव्हती.

"तुमच्या फोनपासून विचार करून राह्यलो," ते स्टुलावर बसत म्हणाले. "श्वास घेतला की सोडाव लागते, रुपरावजी. मी तिले सोडू देल्लाच नाई. इतकी वर्षं बिचारी अर्ध्यावर आहे. माह्यासाठी." त्यांनी रुमालाने तोंड पुसले. "उतरवा बंदूक. मी इथं बसतो. मले ऐकू द्या फक्त."

मूळ अर्जाच्या बरोबर विरुद्ध असा हा दुसरा अर्ज होता. सरळ मार्ग म्हणजे त्यांना खरे सांगणे. पण खरे काय होते? एक लाल फुगा आणि फोनचे नेटवर्क. एवढ्या पुराव्यावर मी कोणाचा रजेचा अर्जही नामंजूर केला नसता. आणि उलट बाजूने, एवढा पुरावा समोर असताना चापाला हात लावणे माझ्याने होणार नव्हते.

मग मी तेच केले जे मला येते. त्रुटी काढली.

"छर्रा पाहिजे," मी म्हणालो. "रिकामी उडवत नाही मी. आणि या नळीच्या मापाचा छर्रा आता येत नाही."

"सदरच्या बाजारात भेटन. तिथं जुनी दुकानं आहेत."

"पाहा."

ते गेले. त्रुटी काढण्याचे एक शास्त्र आहे. सगळ्या एकदम सांगायच्या नाहीत. एक सांगायची, माणूस ती पुरी करून आला की दुसरी. या शास्त्रात मी कधी कोणाला हार गेलो नव्हतो, आणि त्याचा उपयोग कोणा माणसाला जिवंत ठेवायला होईल हे मला सेवाकाळात कोणी सांगितले असते तर मी जरा उत्साहाने काम केले असते.

आनंदराव छर्रे घेऊन आले. मापाचे होते. डबी जुनी, गंजलेली, पण छर्रे गोल. दुकानदाराने म्हणे माळ्यावरून शोधून दिले.

"आता?"

"मुलगा आहे ना तुम्हाला?"

"संघपाल. पुण्याले असते."

"त्याची संमती लागेल. आई त्याचीही होती. उद्या तो म्हणेल, मला न विचारता..."

आनंदराव माझ्याकडे पाहत राहिले. वीज केंद्रात ते स्टोअरला होते. त्रुटी कशी दिसते हे त्यांनाही ओळखू येत होते.

"तुमी टाळून राह्यले," ते म्हणाले.

८

मी उत्तर देण्याआधी त्यांनी हात लांब केला. मला वाटले चापाकडे, आणि मी उठलोच. पण त्यांनी फक्त शाल उचलली.

"पाहू तर द्या तिले."

लाल फुगा हळू फुगला, हळू खाली आला. आनंदरावांनी असे काही पाहिलेले नव्हते. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि देवळात बसतात तसे नाही, दवाखान्यात खाटेशेजारी बसतात तसे बसले. "सरिता," एवढेच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. फुगा थरथरला.

चंद्रकला चहा घेऊन आली. हिला परिस्थितीचे गांभीर्य कधी आडवे येत नाही.

"घ्या भाऊजी. अन् यायले समजवा जरा. जलमात याइनं एक बी काम येका चकरेत करून देल्लं नाई. माह्या माहेरचा सातबारा बी यायच्याच हापिसात अडकला होता. सासरा होता तरी माह्या बाबाले परत धाडलं याइनं, सही राह्यली म्हून!"

आनंदराव हसले. डोळ्यांत पाणी असताना हसू आले की माणूस जरा जास्तच हसतो. खांदे हलू लागले.

फुगा हलू लागला. बारीक, भराभर, खांद्यांच्या बरोबर.

ते थांबले. फुगा थांबला.

त्यांनी फुग्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे पाहिले, आणि तीच माझी चूक झाली. माणूस कशाकडे पाहत नाही ते हुशार अर्जदाराला लगेच कळते.

आनंदरावांनी कप खाली ठेवला. तोंड मिटले. श्वास धरला.

फुगा मध्येच राहिला, अर्धा फुगलेला. शेजारी कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी रस्त्यावरून भंगारवाल्याला हाक मारली. चंद्रकलेच्या हातातला ट्रे तसाच होता. आनंदरावांच्या कपाळावरची शीर वर आली. फुग्याच्या ताणलेल्या लाल कातडीवर खिडकीचा चौकोन पडला होता. तोही हलला नाही.

मग त्यांनी श्वास सोडला आणि फुगा लुळा पडला.

आता बघायची गरज नव्हती, तरी तिघेही तिकडेच बघत होतो. ते बसले होते आणि तो ये-जा करत होता.

"तुमाले मालूम होतं," शेवटी ते म्हणाले.

"फोनवर दिसलं. मला वाटलं माझीच काही चूक..."

"म्हून त्रुट्या."

"हो."

ते मान हलवत राहिले. घाबरलेले दिसत नव्हते. हिशेब चुकल्यावर माणूस पुन्हा वरपासून बेरीज करतो, तसा त्यांचा चेहरा होता. ती खोली, ती खाट, माकडे, चढवलेली बंदूक. शेवटी त्यांना जे सापडले ते त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारले की मला पुढे वाकावे लागले.

"मंग सरिता थेव्हाच गेली?"

मी टेबलावरचा टॉर्च उगाच सरळ करून ठेवला.

"म्हंजे मी इतके दिवस..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. चंद्रकलेने ट्रे ठेवला आणि त्यांच्यासमोर कप सरकवला. "चहा निवून राह्यला भाऊजी," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

त्यांनी चहा संपवला. रुमाल घडी करून खिशात ठेवला. दारापर्यंत गेले. चपला घालताना भिंतीला हात टेकला.

"आनंदराव," मी म्हणालो, "बंदूक मी जपतो. कोणाला हात लावू देत नाही. तुम्ही निश्चिंत असा. उतरवायचा अर्ज मागे घेतला असं समजतो."

"नाई," ते म्हणाले. "अर्ज मांगं घेत नाई मी."

आणि बस पकडायला गेले.

९

सद्यःस्थिती खालीलप्रमाणे.

चिरंजीव संघपाल यांच्याशी फोनवर बोललो. बाबांची जुनी बंदूक दुरुस्तीला आहे आणि त्यासाठी त्यांची संमती हवी, इतकेच सांगितले. काका, माझी कशाला संमती, टाका की काय ते करून, असे ते म्हणाले. मी त्यांना कळवले की संमती तोंडी चालत नाही. समक्ष यावे लागेल. त्यांना रजा मिळत नाही. मिळू नये अशी माझी इच्छा आहे, पण ती नोंदीवर घेतलेली नाही.

बंदूक टेबलावर मऊ कपड्याच्या गुंडाळ्यांमध्ये ठेवली आहे. व्हरांड्याचे दार मी ओढून घेत नाही. आपटले तर टेबल हलते. दुसऱ्या कोणाची बंदूक सध्या दुरुस्तीला घेत नाही. चंद्रकला केर काढते तेव्हा टेबलाखालचा भाग सोडून देते.

खटक्याला तेल देता येत नाही. तेलाने तो अधिकच निसटेल. कोरडाही ठेवता येत नाही; कोरडा असला की अधिक झिजतो. मी रोज टॉर्च लावून पाहतो. आता प्रत्येक श्वासाला दातावरून एक बारीक टिक् ऐकू येते. पूर्वी येत नव्हती.

अर्जदार अधूनमधून फोन करतात. हवापाण्याचे बोलणे होते. शेवटी ते विचारतात, "माह्या अर्जाचं काय झालं जी?" मी सांगतो, विचाराधीन आहे. ते बरं म्हणतात. मग दोघेही थोडा वेळ फोन तसाच धरून असतो. मी फुग्याकडे पाहत असतो.

अर्ज आजच्या तारखेस प्रलंबित आहे.